चावी आईकडे आहे

अलिबागकडे जाऊन आलो म्हटलं की आमच्या साताऱ्याकडची माणसं दोनच प्रश्न विचारतात. समुद्रात डुंबलात का, आणि मासे खाल्ले का? डुंबलो नाही. पोहता येतं, पण या वयात चारचौघांत उघडं व्हायची लाज वाटते. मासे मात्र खाल्ले. पण गेलो होतो ते या दोन्हींसाठी नव्हे.

फौजेत मी चोवीस वर्षं गाड्या चालवल्या आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं पोरांना चालवायला शिकवलं. शिकवणाऱ्याला तिकडे उस्ताद म्हणतात. निवृत्त होऊन आता पाच वर्षं झाली. गावात मला कुणी उस्ताद म्हणत नाही, घरात तर मुळीच नाही. त्यामुळे शिमग्याच्या आधी फोनवर "जयहिंद उस्ताद, दिनेश बोलतोय, नागावचा" असं ऐकू आलं तेव्हा मी खाटेवरून उठून उभाच राहिलो.

दिनेश म्हात्रे माझ्या हाताखाली शिकलेला ड्रायव्हर. सहा वर्षांपूर्वी रजेच्या पहिल्याच दिवशी, पनवेल स्टेशनवरून मोटारसायकलने घरी जाताना त्याला अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता तो घरच्या नारळी-पोफळीच्या वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या चालवतो. त्याचा धाकटा भाऊ अक्षय, तोही फौजेत, शिमग्याला येणार होता. दोन रात्री रेल्वेत काढून दुपारी पनवेलला उतरणार आणि तिथून मोटारसायकलने नागावला येणार. गाडी चुलतभावाने आधीच स्टेशनाबाहेर नेऊन लावली होती. दिनेश नको म्हणाला, तर अक्षय फोन ठेवून देत होता. "उस्ताद, तुमी आलात तर ऐकेल," दिनेश म्हणाला. "गावात छुट्टीवर आलेले आठ-नऊ जन हायेत, त्यांना पन चार शब्द सांगा."

मी लगेच हो म्हणालो. दिनेशच्या अपघाताशी माझंही एक देणंघेणं होतं, जे त्या घरात कुणालाच ठाऊक नाही अशी माझी समजूत होती.

करंजा ते रेवस

पनवेलहून अलिबागला पेण-वडखळवरून सरळ रस्ता आहे. शहाण्या माणसाने त्यानेच जावं. दिनेश वडखळच्या पुढे पडला होता आणि ती जागा मला बघायची नव्हती, म्हणून मी माझी मोटारसायकल उरणकडे वळवली. स्वतःला मात्र कारण वेगळं सांगितलं, की लाँचमधून गाडी न्यायची मजा घेऊ. माणूस स्वतःशी जितकं खोटं बोलतो तितकं बायकोशीसुद्धा बोलत नाही.

न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग लागलेली असते. त्यांच्या चाकांच्या उंचीला आपलं डोकं येतं. तिथे हेल्मेट घाला म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. करंजाच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा खाडीत नव्या पुलाचे खांब उभे दिसले. पूल झाला की लाँच बंद होईल, असं तिकीट फाडणारा सांगत होता, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. दोघा खलाशांनी माझी गाडी उचलून आत घेतली. मी हँडलला उगाच हात लावून चाललो, म्हणजे मदत केल्यासारखं दिसतं. शेजारी सुकटीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या दोन बायका माझ्याकडे बघून हसल्या.

खाडीवरच्या वाऱ्यात बरं वाटलं. पलीकडे रेवसला उतरलो आणि उकाड्याने डोक्याचं भरीत व्हायला लागलं. रस्ता रिकामा, दोन्हीकडे झाडी, ट्रेलर एकही नाही. मी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. पोरांना अक्कल शिकवायला निघालेला उस्ताद उघड्या डोक्याने, वारा खात, किहीमपर्यंत गेला.

किहीम

किहीमच्या अलीकडे याकूबचं घर आहे. आम्ही एकाच मोटार विभागात बारा वर्षं होतो. तो फाटकातच उभा होता आणि जयहिंदच्या आधी त्याने विचारलं, "शिंदे, हेल्मेट डोक्याला घालतोस की आरशाला?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गरम होत होतं म्हणालो. राजस्थानात तू मला याच्यासाठी मैदानाला पाच चकरा मारायला लावल्या होत्यास, असं त्याने ऐकवलं, आणि त्याचं खरं होतं.

यंदा शिमगा रमझानमध्ये आला होता. याकूबचा रोजा होता, तरी भाभींनी माझ्यासाठी जेवणाची तयारी चालवली. मी हट्टाने थांबलो आणि सूर्य बुडल्यावर त्यांच्या पंगतीत बसलो. खजूर, कापलेली फळं, आणि मग सांदणं. तांदळाची, नारळाच्या दुधातली, वाफेवर उकडलेली. आमच्या ज्वारीच्या मुलखात मऊ म्हणून जे काही मिळतं ते या सांदणापुढे कडकच म्हणायचं.

जेवता जेवता मी त्याला अक्षयचं सांगितलं. याकूब आता एक सात जणांची व्हॅन चालवतो. गावातली निम्मी पोरं आखातात आहेत, त्यांना विमानतळावरून आणणं-पोचवणं हाच त्याचा मुख्य धंदा. त्याने घास खाली ठेवला आणि जे बोलला ते मी तिथून निघालो तरी डोक्यात घोळत राहिलं.

"आमचा पोरगा दुबईवरून येतो ना, चार तासांचं विमान. तरी आख्खं खानदान आणायला जातं. त्याला हातात पिशवी पन धरू देत नाहीत. आनि तुमचा फौजी दोन रात्री बसून येतो, तर तुमी त्याच्यासाठी मोटारसायकल उभी करता."

खरं तर आमच्याकडेही तसंच आहे. पोरगा फौजेतून येणार म्हणजे गाडी पुसून, टाकी भरून ठेवायची. ट्रंक बापाने एसटीतून आणायची आणि पोराने गाडीवरून गावात शिरायचं, वेशीपासून सगळ्यांनी बघायचं. तो मान आहे. त्याच्या मागे प्रेमच आहे, दुसरं काही नाही. रजेचा एकेक दिवस मोजून मिळालेला असतो, त्यातला अर्धा झोपण्यात घालवायला पोराचंही मन घेत नाही. शिवाय कॅम्पातून दुचाकी काढायची तर गेटवर पोलीस उभा असतो. हेल्मेट, पास, दिवे, सगळं बघतो आणि मगच दांडा वर करतो. घराच्या दारात दांडा नसतो. आम्ही पोरांना गेटच्या आतलीच शिस्त शिकवली, असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

नागाव

रात्र याकूबकडेच काढली. सकाळी नागावात शिरताना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या आणि हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं. दिनेश वाडीच्या तोंडाशी आला. पँटच्या आत कृत्रिम पाय आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही इतकी चाल त्याने सुधारली आहे. त्याने सलाम ठोकला आणि मला आधी त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्याच्या घरी वडील काशिनाथदादा आणि आई सुमनवहिनी. वहिनींनी माझ्यासाठी जिताडा मासा केला होता. या भागात जिताडा जावयाला वाढतात, तुम्ही त्याच मानाचे, असं म्हणत त्यांनी मधला तुकडा माझ्या पानात घातला. वर तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं. मी इतका जेवलो की उठताना हात टेकावा लागला.

दादा फारसे बोलत नाहीत. ते नारळ सोलत बसले होते, मी शेजारी जाऊन बसलो. अक्षयची गाडी पनवेलला कशाला जाऊ दिलीत, असं मी जरा उस्तादी आवाजात विचारलं. त्यांनी हातातला नारळ सोलून संपवला. मग मान वर न करता म्हणाले, "दिनेशची गाडी मीच न्हेली होती स्टेशनला. धुऊन, हार घालून. चावी त्याच्या हातात दिली नि ट्रंक घेऊन मी एसटीत बसलो. वडखळ सोडल्यावर गर्दी दिसली. कोनाचा तरी पोरगा पडलाय, बोलले गाडीतले. मी खिडकीतून हात जोडले, देवा, ज्याचा आसंल त्याला वाचव. नि घरी येऊन च्या पिलो."

दादांनी दुसरा नारळ घेतला. आता अक्षय चावी मागतो तेव्हा नाही म्हणायचा धीर होत नाही, कारण नाही म्हटलं की मागचं सगळं उकरून निघतं, असं ते नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेश मला समुद्रावर घेऊन गेला. पाण्यातल्या खेळांच्या बोटी अजून वाळूवरच होत्या, ओल्या पट्ट्यावर चालायला बरं होतं. मी ठरवून आलो होतो, तरी बोलायला अर्धा किनारा लागला.

रजेवर निघणाऱ्या पोरांना आमच्याकडे सूचना द्यायचो. हेल्मेट घाला, दारू पिऊन चालवू नका, झोप झाल्याशिवाय गाडीला हात लावू नका. मग प्रत्येकाची सही घ्यायची. दिनेश ज्या सकाळी निघाला त्याच्या आदल्या रात्री तो पहाऱ्यावर होता. उजाडता उतरला आणि धावत ट्रकमध्ये चढला. सूचना त्याने ऐकल्याच नाहीत. रकाना रिकामा दिसू नये म्हणून मी त्याच्या नावापुढे दुसऱ्या एकाकडून सही करून घेतली. सही झाली की काम झालं, अशीच आमची रीत. पुढे चौकशी झाली तेव्हा ती सही निघाली. उस्तादाने सूचना दिल्या होत्या, जवानाने पाळल्या नाहीत, असं ठरलं. कागदावर दोष दिनेशच्या नावावर गेला आणि मी वर्षभराने हार घालून घेऊन निवृत्त झालो.

हे सगळं मी त्याला सांगितलं. माफ कर, असंही म्हणालो. सहा वर्षं मला त्या सहीची लाज वाटत होती.

दिनेश म्हणाला, "मना ठावं होतं, उस्ताद. चौकशीत सही दाखवली तवाच कळलं, ही माझी न्हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पाय आला असता? आनि खरं सांगू, मी तिथं असतो तरी सही केली असती नि तसाच गेलो असतो. सगळे करतात." तो घराकडे वळला. "माझं ऱ्हाऊ द्या. अक्षयला घरी आना."

त्याने माफ केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी होळीच्या मैदानात सभा झाली. सभा म्हणजे बारा खुर्च्या आणि एक सतरंजी. रजेवरची आठ पोरं आली, पाठ ताठ ठेवून बसली. मी अर्धा तास बोललो. किहीमपर्यंत उघड्या डोक्याने गेलो तेही सांगून टाकलं, त्याला चांगलं हसले. प्रत्येक वाक्याला "जी उस्ताद" आलं. मी कपाळावरचा घाम पुसून चहाचा कप तोंडाला लावतोय तोवर त्यातली तिघं एकाच गाडीवर बसली आणि हेल्मेटाशिवाय, मला हात करून, समुद्राकडे गेली. पालथ्या घड्यावर पाणी.

सतरंजीच्या मागे, होळीची लाकडं रचली होती तिथे, पाच-सहा बायका उभ्या होत्या. भाषण त्यांच्यासाठी नव्हतंच, त्यामुळे मी तिकडे बघितलंही नव्हतं. त्यांच्यातून सुमनवहिनी पुढे आल्या.

"भावजी, एक इचारू? रातभर पहारा केलेल्या पोराला तुमी फौजेत गाडी चालवाला देता का?"

"नाही, वहिनी. सहा तास झोप झाल्याशिवाय किल्लीच देत नाही. तसा नियमच आहे."

"मंग घरी आमी का देतो?"

नऊ वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कधी सुचला नाही. वहिनी मागे वळल्या आणि बाकीच्या बायकांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या, भराभर, मला निम्मं कळलं. त्यातली एक म्हणाली की तिचा पोरगा परवा उतरतोय. दुसरीने विचारलं, चावी ठेवायची कुठे, पोरं शोधून काढतात. वहिनी म्हणाल्या, तांदळाच्या डब्यात, तिथं कुठला मरद हात घालतो.

घरी आल्यावर त्यांनी दादांपुढे हात पसरला. दादांनी खुंटीवरची अक्षयच्या गाडीची चावी काढली. दुसरी चावी वहिनींनी चुलतभावाकडून लगेच मागवून घेतली. दोन्ही तांदळात गेल्या. मला वाटतं दादांच्या डोक्यावरचं काहीतरी उतरलं होतं. नाही म्हणायचं काम आता त्यांचं राहिलं नव्हतं.

मी याकूबला फोन लावला. दुबईवाल्यांना आणतोस तशी एक फेरी फौजीसाठी करशील का? तो म्हणाला, हे विचारायला दोन दिवस लागले का तुला.

पनवेल

याकूब सकाळीच व्हॅन घेऊन आला. रोज्यात गाडी चालवणार म्हणून मी त्याच्याकडे संशयाने बघितलं, तर म्हणाला, पहाटेच्या सहरीनंतर चार तास झोपून आलोय, तपासणी करायची असेल तर कर. दादा, दिनेश आणि मी मागे बसलो. जाताना मी वडखळच्या अलीकडे डोळे मिटून घेतले. झोपलोय असं दाखवलं.

गाडी वेळेवर आली. अक्षय उतरला, चोवीस वर्षांचा, भावापेक्षा उंच, खांद्यावर पिशवी आणि हातात काळी ट्रंक. डोळे लाल होते पण चेहरा हसरा होता. तो दादांच्या पाया पडला, भावाला मिठी मारली, मला बघून कडक सलाम केला. मग ट्रंक दादांच्या हातात दिली आणि मोकळा हात तसाच पुढे धरला.

"बाबा, चावी."

"आयकडं हाय," दादा म्हणाले.

त्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने आमच्या मागे उभी असलेली व्हॅन बघितली आणि त्याचं तोंड उतरलं. स्टेशनाबाहेर त्याची गाडी उभी होती, लाल, पुसलेली, आरशाला झेंडूचा हार. चुलतभावाने हौसेने घातला असावा. अक्षय तिच्याजवळ जाऊन सीटवर हात ठेवून उभा राहिला. आजूबाजूला माणसं बघत होती आणि त्याला ते लागलं, हे दिसत होतं. मी उस्ताद म्हणून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला झोप येत न्हाय, उस्ताद. मी एकदम फ्रेश हाय."

उत्तर दिनेशने दिलं. आवाज न चढवता, भावाच्या शेजारी उभं राहून.

"मला बी आली नव्हती. कधी आली, ते मला अजून आठवत न्हाय."

अक्षयने त्याच्या पायाकडे बघितलं नाही, पण मान खाली घातली. आरशाचा हार काढून त्याने पिशवीत टाकला. गाडी उद्या झोप झाल्यावर आपण दोघं येऊन नेऊ, तू चालव, मी मागे बसतो, असं मी त्याला म्हणालो. दोन्ही हेल्मेट माझ्याकडून. त्याने जी म्हटलं नाही, हो म्हटलं. मला ते जास्त बरं वाटलं.

व्हॅनमध्ये तो दादांच्या शेजारी खिडकीला बसला, रुसलेला. पळस्प्याच्या फाट्यापर्यंत बाहेर बघत होता. पेणच्या आधी त्याने एकदा जांभई दाबली. पेण सोडलं आणि बोलता बोलता, युनिटमधल्या कुणाची तरी गंमत सांगत असताना, अर्ध्या वाक्यात त्याची मान कलंडली. पुढचं वाक्य आलंच नाही. डोकं आधी काचेवर आपटलं, तरी तो जागा झाला नाही. दादांनी ते हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

याकूबने आरशात बघितलं आणि वेग कमी केला. मी घड्याळ बघितलं, स्टेशन सोडून तासही झाला नव्हता. दिनेश आपला डावा गुडघा चोळत समोर बघत होता.

वडखळ गेलं. पुढे तो सरळ रस्ता आला, दोन्हीकडे खाडीचं सपाट पाणी, कडेला एक ट्रेलर उभा. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. दिनेशने बोटाने नुसतं दाखवलं, इथे. मी दादांकडे बघितलं. मला वाटलं, ते हात जोडतील.

त्यांचा एक हात मांडीवरच्या ट्रंकेवर होता आणि दुसरा अक्षयच्या डोक्याखाली अडकला होता. दोन्हीतला एकही त्यांनी हलवला नाही.